नवा फर्नेस: आधी मोजमाप, मग ब्रँड

मिनेसोटात घर घेतलं की छप्पर आणि फर्नेस या दोन गोष्टींची काळजी आपोआप मागे लागते. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा रात्री बेसमेंटमधली ती पत्र्याची पेटी बंद पडली, तर घर गार होतंच, शिवाय भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटण्याची भीती. आमचा जुना फर्नेस बदलायचं ठरलं, तेव्हा ओळखीच्या मराठी घरांतून भरपूर सल्ले आले. सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: कुठल्या कंपनीचा घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. चांगल्या कंपनीचा फर्नेससुद्धा न मोजता बसवला तर पंधरा वर्षं त्रास देतो.

१. ताकदीचा हिशोब कागदावर मागा.

कोटेशन द्यायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी जुन्या फर्नेसवरचा आकडा वाचला आणि तेवढ्याच ताकदीचा नवा लिहून दिला. जुना ताशी १,००,००० बीटीयूचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा. म्हणजे घरात प्रत्यक्ष येणारी उष्णता ८०,०००. पण घर बांधलं गेल्यानंतर खिडक्या बदलल्या होत्या, माळ्यावर जाड इन्सुलेशन घातलं होतं. एवढी ताकद आता कुणाला हवी होती? गरजेपेक्षा मोठा फर्नेस दणक्यात पेटतो, थर्मोस्टॅटजवळची हवा तापवतो आणि पाच-सात मिनिटांत विझतो. टोकाची बेडरूम गारच राहते, आणि सारखं पेटून-विझून त्याचे भाग लवकर झिजतात.

खोलीनिहाय हिशोबाची ‘मॅन्युअल जे’ नावाची रीतसर पद्धत आहे. ती वापरणाऱ्यालाच काम द्या. त्याचा आकडा घरच्या घरी ताडूनही बघता येतो. उणे १५ फॅरनहाइटच्या पहाटे आमचा जुना फर्नेस तासातली साधारण ३५ मिनिटं चालायचा. ८०,००० गुणिले ३५, भागिले ६०, म्हणजे घराची गरज ताशी ४७,००० बीटीयूच्या आत. ६०,००० चा, ९६ टक्के कार्यक्षमतेचा नवा फर्नेस ५७,६०० देतो. पुरून उरतो.

२. वॉटर हीटरला एकटं सोडू नका.

या यादीतलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. जुना फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर यांचा धूर बहुतेक घरांत एकाच धुरांड्यातून जातो. ९० टक्क्यांवरच्या फर्नेसचा धूर निवलेला असतो, म्हणून तो पीव्हीसी पाइपने भिंतीतून बाहेर काढतात. मग त्या रुंद धुरांड्यात वॉटर हीटर एकटा उरतो. त्याच्या थोड्याशा उष्णतेनं धुरांडं नीट तापत नाही, आत ओल धरते, आणि धूर वर चढण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइडसकट घरात उलटू शकतो. धुरांड्यात योग्य मापाचा धातूचा लायनर घाला, नाहीतर वॉटर हीटरही पंख्यानं धूर बाहेर टाकणारा घ्या. तो खर्च कोटेशनमध्ये दिसत नसेल, तर स्वतःहून विचारा.

आपल्या घरांत हा धोका जरा जास्तच. फोडणीचा ठसका आणि तळलेल्या बांगड्याचा वास जावा म्हणून आपण चांगला जोरदार एक्झॉस्ट बसवतो. हिवाळ्यात घर घट्ट बंद असताना तो जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत यावी लागते, आणि धुरांड्याची वाट मोकळीच असते. तपासायला उदबत्ती पुरते. दारं-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला नि बाथरूममधले पंखे आणि ड्रायर चालू करा, वॉटर हीटर पेटू द्या आणि त्याच्या डोक्यावर पाइपखाली जी टोपी असते तिच्या कडेला पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ टोपीत ओढली गेली पाहिजे. पाच मिनिटांनीही ती बाहेरच फेकली जात असेल, तर हीटर बंद करून माणूस बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच. मिनेसोटाच्या कायद्यानुसार तो झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत लागतो.

३. पाइपचा उतार आणि पाण्याची वाट.

नव्या फर्नेसमध्ये धुरातल्या वाफेचं पाणी होतं, कडक थंडीत दिवसाला काही गॅलन. म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपला फर्नेसकडे फुटामागे पाव इंच उतार हवा. उलटा उतार दिला, तर पाइपच्या तोंडाशी बर्फ साचतो. हे पाणी आम्लधर्मी असतं. ओतीव लोखंडाच्या जुन्या गटारात सोडण्याआधी ते चुनखडीच्या खड्यांच्या डब्यातून जाऊ द्यावं. परमिट आणि शहराच्या इन्स्पेक्टरची भेट टाळायला सुचवणाऱ्याला नमस्कार करावा.

४. काम संपलं असं म्हणण्याआधी तीन आकडे लिहून घ्या.

आमच्याकडे आलेला तंत्रज्ञ वयस्कर होता. फर्नेस पेटल्यावर बाकीचे हत्यारं आवरायला लागले, हा मात्र गॅस व्हॉल्व्हला मॅनोमीटरची रबरी नळी जोडून बसला. नैसर्गिक गॅससाठी बर्नरकडचा दाब साधारण साडेतीन इंच पाणी एवढा हवा. कारखान्यातून आलेला थोडा चढा होता. त्यानं टोपी काढून आतला स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवला, थांबला, पुन्हा बघितलं.

मग तो मला गॅसच्या मीटरपाशी घेऊन गेला. गॅसवर चालणारं बाकी सगळं बंद, फर्नेस पूर्ण ताकदीवर. एका घनफूट गॅसमध्ये साधारण हजार बीटीयू असतात, म्हणजे ६०,००० च्या फर्नेसनं मिनिटाला एक घनफूट जाळायला हवा. दोन घनफुटांच्या काट्याची फेरी दोन मिनिटांत पुरी झाली पाहिजे. हे कुणालाही घड्याळ लावून करता येतं.

तिसरा आकडा तापमानवाढीचा. घरातून परत येणारी हवा आणि तापून जाणारी हवा यांतला फरक फर्नेसच्या पट्टीवर छापलेल्या मर्यादेत हवा. आमच्याकडे ती ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट आहे. गरम बाजूला थर्मामीटर डक्टच्या वळणापलीकडे घालतात, नाहीतर तापलेल्या धातूची धग थेट लागून आकडा फुगतो. फरक मर्यादेवर जात असेल तर पंख्याचा वेग वाढवायचा, फार कमी असेल तर उतरवायचा. हे न केल्यानं फर्नेस आतल्या आत तापून वारंवार बंद पडतो आणि लोक कंपनीला दोष देतात. तिन्ही आकडे तारखेसह फर्नेसच्या दाराच्या आतून चिकटवून ठेवा.

५. फिल्टर चार इंचीच घ्या.

एक इंची बारीक जाळीचा फिल्टर पंख्याचा श्वास कोंडतो. चार इंचीसाठी जागा बसवतानाच करून घेता येते. बाण फर्नेसच्या दिशेनं. परतीच्या हवेच्या जाळीपुढे दिवाण किंवा कपाट ठेवू नका.

६. थर्मोस्टॅटच्या आतल्या सेटिंग्ज बघा.

तासाला किती वेळा पेटायचं, हे तिथे ठरतं. जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसला सहसा तीन वेळा योग्य. दोन टप्प्यांचा फर्नेस असेल तर पहिल्या टप्प्यात हवा कमी तापलेली लागते. पाहुण्यांना वाटतं फर्नेस बिघडला. तो बराच वेळ, शांतपणे चालणं हेच त्याचं काम. रात्री तापमान उतरवायचं तर तीन-चार अंशच. बेताच्या ताकदीच्या फर्नेसला पहाटेच्या कडाक्यात दहा अंशांची चढण जड जाते.

७. ओलावा बाहेरच्या थंडीप्रमाणे बदला.

ओठ फुटतात म्हणून ह्युमिडिफायर लावणं रास्त आहे. पण बाहेर शून्याखाली गेल्यावर ४० टक्के ओलावा ठेवला तर खिडक्यांच्या काचा घामेजतात आणि चौकटी कुजतात. तेव्हा २०-२५ वर आणा.

८. पेटण्याचा क्रम कानांनी पाठ करा.

आधी धूर ओढणारा छोटा पंखा घरघरतो. मग दाबाच्या स्विचची टिक. इग्नायटर नारिंगी होतो, व्हॉल्व्ह उघडतो, निळ्या ज्योती आडव्या पळतात आणि थोड्या वेळानं मोठा पंखा लागतो. बंद पडल्यावर गाडी कुठे अडली ते यावरून कळतं. ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल, तर बहुधा ज्योत ओळखणारी सळी काळवंडलेली असते. वीज बंद करून ती बारीक स्टील वूलनं हलकेच पुसावी. छोटा पंखा फिरतोय पण पुढे काहीच होत नाही, आणि बाहेर हिमवादळ होऊन गेलंय? मग फोन करण्याआधी फावडं घ्या आणि पीव्हीसी पाइपच्या तोंडापुढचा बर्फ बाजूला करा. गॅसचा वास आला तर मात्र यातलं काहीही करू नका. कुठलंही बटण न दाबता घरच्यांना घेऊन बाहेर पडा आणि गॅस कंपनीला बाहेरूनच फोन लावा.