बॅटरी उलटी जोडली, तर?

बोथहून आदिलाबादला मोटारसायकलने जाणाऱ्या मला एकदा स्वतःच्याच घाईने धडा शिकविला. नवी बॅटरी बसविताना मी धन व ऋण टोके उलटी जोडली. ठिणगी उडाली, दिवे व भोंगा मूक झाले.

अशा वेळी किल्ली बंद करून प्रथम बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. मग मुख्य फ्यूज पाहावा. प्रवाह मर्यादेबाहेर जाताच त्यातील बारीक पट्टी वितळते व पुढील तारा वाचतात. त्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा; तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला घालवून दार उघडे टाकणे. त्याने आगही लागू शकते.

नव्या फ्यूजने दिवे लागले, तरी निश्चिंत होऊ नये. रेक्टिफायरमधील डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतात. उलट्या जोडणीत ते जळू शकतात. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिनाची गती वाढविल्यावर आकडा १४ च्या आसपास जावा. माझ्या गाडीत तो हललाच नाही.

शिक्षकाने अशी चूक कबूल करावी कशी? क्षणभर संकोच वाटला; पण मिस्त्रीला खरे सांगितले. त्याने थेट रेक्टिफायर तपासला, तोच जळला होता. मी गप्प राहिलो असतो, तर दिवसभर भलतीकडेच शोध चालला असता.

म्हणून ध्यानात ठेवा : जोडताना आधी धन, मग ऋण, सोडविताना आधी ऋण. आणि चूक झालीच, तर ती आधी सांगावी. निम्मी दुरुस्ती तेथेच होते.