मोटारीची रेस अडकते तेव्हा : व्यापाऱ्यांसाठी एक धडा

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो,

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार आपण कशी ऐकतो, यावर कधी कधी माणसांचे प्राण अवलंबून असतात. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून आज आम्ही अमेरिकेतील मोटारींच्या धंद्यातील काही घटना आपल्यापुढे ठेवीत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारीचे जाणकार नव्हे. परंतु या घटनांतील मूळ प्रश्न यंत्राचा कमी आणि दयानतदारीचा अधिक आहे. शिवाय आपल्या समाजातील पुष्कळ तरुण गॅरेज, सुटे भाग आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री यांतून रोजी कमावतात. त्यांना तर हा विषय थेट लागू पडतो.

क्रूझ कंट्रोल म्हणजे काय?

रेसच्या पेडलवरून पाय काढला तरी गाडी ठरवलेल्या वेगाने चालत ठेवणारी योजना म्हणजे क्रूझ कंट्रोल. ही कल्पना अमेरिकेतील राल्फ टीटर या इंजिनिअरची. लहानपणीच अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. 1950 साली त्यांना पेटंट मिळाले आणि 1958 साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत ही सोय प्रथम विक्रीस आली. लांब, सरळ रस्त्यांच्या त्या देशात ती घरोघरच्या मोटारीत पोहोचली. आता आपल्याकडील अनेक मोटारींतही ती येते.

जुन्या गाड्यांत हे काम बहुधा एका तारेने होते. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा एक डबा ही तार ओढतो आणि रेस धरून ठेवतो. ब्रेकवर पाय पडताच ब्रेकजवळचा स्विच ही पकड सोडवतो. म्हणजे सुरक्षा तीन गोष्टींवर उभी आहे : तार मोकळी सरकली पाहिजे, स्प्रिंगने रेस मागे आली पाहिजे आणि ब्रेकच्या स्विचने वेळेवर काम केले पाहिजे. तार गंजली, तिचे धागे सुटले किंवा ती कशात अडकली, तर पाय काढूनही इंजिन गरजत राहते.

याचे एक उदाहरण पाहा. फोर्ड कंपनीने 2001 ते 2004 या सालांतील एस्केप नावाच्या सुमारे 4 लाख 85 हजार गाड्या जुलै 2012 मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. या गाड्यांत इंजिनावरचे झाकण आणि क्रूझच्या तारेचा जोड यांमध्ये पुरेशी जागा नव्हती. पेडल पूर्ण दाबले तर रेस तेथेच अडकण्याचा धोका होता. उपाय काय, तर झाकण आणि तार यांमधील जागा वाढवणे. आणि सामान येईपर्यंत क्रूझची तार काढून ठेवणे. एवढ्याशा जागेसाठी लाखो कुटुंबे धोक्यात होती, आणि तीही आठ-दहा वर्षे जुन्या गाड्यांतून.

चूक गिऱ्हाइकाची असली तरी

दुसरे प्रकरण जर्मनीच्या ऑडी कंपनीचे आहे. तिची ऑडी 5000 ही मोटार अमेरिकेत चांगली खपत होती. उभी गाडी गिअरमध्ये टाकताच ती आपोआप धावत सुटते, अशा तक्रारी आल्या. नोव्हेंबर 1986 मध्ये तेथील एका प्रसिद्ध दूरदर्शन कार्यक्रमात पेडल आपोआप खाली जाताना दाखवण्यात आले. पुढे उघड झाले की त्या गाडीला बाहेरून दाबाच्या हवेची टाकी जोडलेली होती! सरकारी रस्ते-सुरक्षा खात्याचा अहवाल 1989 साली आला. बहुतेक प्रकरणांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी रेसवर पडला होता, असे त्यात म्हटले. मात्र इंजिनाची गती सांभाळणाऱ्या एका भागातील दोषामुळे गाडीला हलका झटका बसून चालक दचकू शकतो, हेही खात्याने नोंदवले.

तोपर्यंत व्हायचे ते झाले होते. 1985 साली अमेरिकेत 74 हजारांवर गाड्या विकणाऱ्या या कंपनीची विक्री 1991 साली 12 हजारांच्या आसपास आली. यात दोन धडे आहेत. पहिला, शहानिशा न करता बातमी पसरवणे हा जुलूम आहे आणि कुरआनने आपल्याला त्यापासून रोखले आहे. दुसरा धडा व्यापाऱ्यासाठी आहे. सुरुवातीला कंपनीने दोष चालकांवरच टाकला आणि लोक अधिक चिडले. शेवटी उपाय निघाला तो साधाच होता : ब्रेक दाबल्याशिवाय उभ्या गाडीचा गिअर हलणारच नाही, असे कुलूप. 1987 पासून हे कुलूप जुन्या गाड्यांनाही बसवण्यात आले. म्हणजे चूक गिऱ्हाइकाच्या पायाची असली तरी ती टाळण्याची सोय विकणाऱ्याच्या हातात होती.

काउंटरवर अडकलेली तक्रार

तिसरी घटना मन हेलावून टाकणारी आहे. 28 ऑगस्ट 2009 रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराजवळ एक पोलीस अधिकारी आपली पत्नी, लहान मुलगी आणि मेव्हणा यांच्यासह चालला होता. त्याची स्वतःची मोटार दुरुस्तीला होती, म्हणून शोरूमने त्याला तात्पुरती दुसरी लेक्सस मोटार दिली होती. वाटेत रेस अडकली. वेग ताशी 160 किलोमीटरच्या वर गेला. ब्रेक तापून निकामी झाले. मेव्हण्याने मदतीसाठी फोन केला, पण चौघेही वाचले नाहीत. चालवणारा रस्त्यावरचाच पोलीस होता, अननुभवी माणूस नव्हता.

तपासात दिसून आले की त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि तिच्यात पेडल अडकले होते. त्याहून दुःखाची गोष्ट पुढे आहे. काही दिवसांपूर्वी तीच गाडी नेलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचेही पेडल मॅटमध्ये अडकले होते. तो कसाबसा वाचला. गाडी परत करताना शोरूमच्या काउंटरवर आपण हे सांगितले होते, असे त्याने तपास-अधिकाऱ्यांना सांगितले. मॅट मात्र तेथेच राहिली आणि गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला गेली.

बंधूंनो, मॅट बदलायला किती वेळ लागला असता? काउंटरवरचा माणूस वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. कामाच्या गर्दीत आपल्याही दुकानांत असेच होते. नोकराला सांगितलेली गोष्ट मालकापर्यंत जात नाही. मालकाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी गल्ला मोजताना विसरली जाते.

लेक्सस ही टोयोटा कंपनीचीच मोटार. त्यानंतर मॅट आणि चिकटणारी पेडले या कारणांनी टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. नासा संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. 2011 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्यांना विजेच्या यंत्रणेत अशा धावण्याचे कारण सापडले नाही. मॅट आणि पेडल ही दोन यांत्रिक कारणे मात्र कायम राहिली. मार्च 2014 मध्ये कंपनीने या दोषांबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याचे मान्य केले आणि 120 कोटी डॉलर भरण्याची तयारी दाखवली. मॅट काही रुपयांची, पण लपवण्याची किंमत अब्जावधींची!

आपला दीन काय शिकवतो

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, अशी सक्त ताकीद दिली. पाऊस पाडणे विक्रेत्याच्या हातात नव्हते. ओले धान्य आत दडवणे मात्र त्याच्या हातात होते, आणि जाब त्याचाच विचारला गेला.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. एका कपड्यातील ऐब गिऱ्हाइकाला दाखवण्याची सूचना त्यांनी भागीदाराला दिली होती. भागीदार विसरला आणि माल विकून बसला. खरेदीदार सापडला नाही, तेव्हा इमाम साहेबांनी ती सारी रक्कम खैरात केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. थानाच्या आतल्या घडीतला डाग आम्हालाही रोज दिसतो, म्हणून ही हकीकत आम्हाला विशेष वाटते. फिकहमध्ये तर खियारे-ऐब हा हक्कच आहे : विक्रीपूर्वीचा लपलेला दोष निघाला तर खरेदीदार माल परत करू शकतो. मग रस्त्यावर धावणाऱ्या मालाबाबत आपली जबाबदारी किती मोठी!

आता करावयाच्या गोष्टी

1. गाडी चालवणाऱ्यांनी एकावर एक दोन मॅट टाकू नयेत. मॅट त्याच गाडीची असावी आणि मागे खुंटीला अडकवलेली असावी.

2. रेस अडकली तर ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरावा. वारंवार दाबू नये. रेस उघडी असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपून जातो. लगेच गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा आणि गाडी कडेला घ्यावी. इंजिन गरजले तरी घाबरू नये. गाडी थांबल्यावरच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीची चावी काढली तर स्टेअरिंगला कुलूप बसू शकते.

3. गॅरेजवाल्या बंधूंनी प्रत्येक सर्व्हिसला रेसची तार, स्प्रिंग आणि ब्रेकचा स्विच पाहावा. ब्रेकचा दिवा लागत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत क्रूझ वापरू नये, असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

4. जुनी गाडी विकणाऱ्याने माहीत असलेला प्रत्येक ऐब आधी सांगावा, शक्य तर लिहून द्यावा. दोन पैसे कमी मिळतील, पण ते हलाल असतील.

5. प्रत्येक दुकानात तक्रारीची एक वही असावी. तारीख, माल, तक्रार आणि काय केले, एवढे चार रकाने पुरेत. ती वही मालकाने रोज दुकान बंद करण्यापूर्वी पाहावी आणि तक्रारीचा माल वेगळा काढल्याशिवाय पुढे विकू नये.

आपल्याकडे ठेवलेली रक्कम आपण अमानत मानतो आणि तिला हात लावीत नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेला दोष हीसुद्धा अमानतच आहे. ती पुढच्या गिऱ्हाइकाची अमानत आहे, जो अजून आपल्या दारात आलेलाही नाही. अल्लाह आपल्या सर्वांना ती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.