छोट्या तळ्यासाठी फ्लाय रॉड निवडताना

दक्षिण इंग्लंडात, हॅम्पशायर-विल्टशायरच्या बाजूला, ट्राउटची छोटी तळी आहेत. दोन-चार एकरांचं पाणी, काठाला दाट झाडी आणि वाढवून सोडलेले रेनबो ट्राउट. दोन माशांचं किंवा चार माशांचं तिकीट काढायचं आणि काठाकाठाने फ्लाय टाकत हिंडायचं. इथे नव्याने आलेली आपली मंडळी या नादाला लागली की आधी रॉडबद्दल विचारतात. इतक्या वर्षांत माझं उत्तर पक्कं झालं आहे: इथला मासा जवळ असतो, म्हणून जवळच्या टप्प्यात नीट चालेल असा रॉड घ्या.

१. आधी लाइनचा नंबर, मग रॉड.

आपल्याकडच्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनाने दोरी पाण्यात जाते. फ्लाय म्हणजे हुकावर गुंडाळलेली पिसं आणि धागा. तिला वजन जवळजवळ नसतंच. इथे फेकायची असते ती जाड लाइन, फ्लाय तिच्या मागोमाग जाते. म्हणून कुठल्या नंबरची लाइन चालेल ते प्रत्येक रॉडवर लिहिलेलं असतं. लाइनच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून हा नंबर ठरतो. पाच नंबरला सुमारे ९ ग्रॅम, सहाला साधारण साडेदहा, सातला १२. रटलंड वॉटर किंवा ग्राफम वॉटरसारख्या मोठ्या जलाशयावर वाऱ्याशी झुंजायचं तर सात नंबर लागतो. पाच नंबरने बझरसारख्या छोट्या फ्लाय फार अलगद उतरतात, पण डॅम्सल निम्फसारखी वजनदार फ्लाय टाकताना तो कमी पडतो. छोट्या तळ्यासाठी एकच रॉड घ्यायचा असेल तर सहा नंबरचाच घ्या.

२. रॉड किती लांब फेकतो, हे विचारू नका.

दुकानात सगळी चर्चा याच्यावरच होते. छोट्या तळ्यावरचा ट्राउट मात्र, विशेषतः सकाळी वर्दळ सुरू होण्याआधी, काठापासून चार-पाच हातांवर फिरत असतो. सगळं तळं ओलांडून पलीकडे फ्लाय टाकणाऱ्यांच्या पायाशी मासे असतात. अशा वेळी पाच-सात मीटर लाइन बाहेर काढून फ्लाय नेमकी माशाच्या वाटेवर ठेवता आली पाहिजे. फार ताठ रॉड एवढ्याशा लाइनच्या वजनाने वाकतच नाही, आणि न वाकलेल्या रॉडमध्ये जोर साठत नाही. मग सगळी मेहनत मनगटाला करावी लागते. वरच्या अर्ध्यात वाकणारा, म्हणजे ‘मिडल-टू-टिप’ ॲक्शनचा रॉड इथे खरा कामाचा.

या नरम टोकाचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो फेकीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. फ्लायच्या वरची शेवटची बारीक दोरी, टिपेट, बहुधा पाच पौंडांपर्यंतचा ताण सोसणारी असते. दोन-तीन पौंडांच्या रेनबोने अचानक फ्लाय घेऊन वळण मारलं की तो झटका रॉडच्या टोकाने सोसायला हवा. ताठ टोकाला ते जमत नाही, टिपेट तुटते आणि हूक तोंडात घेऊन मासा निघून जातो. माशाच्या दृष्टीनेही हे वाईटच.

३. लांबी नऊ फूट.

मागे झाडं फारच जवळ असतील तर साडेआठ. होडीतून मासेमारी करणारे दहा फुटी रॉड वापरतात, कारण त्यांना होडीजवळ फ्लाय पाण्याच्या वरच्या थरात धरून ठेवायची असते. काठावर, फांद्यांखाली, तो एक फूट अडचणीचाच. मागे लाइन न नेता समोरच गुंडाळून टाकायची रोल कास्ट मात्र शिकून घ्या, झाडीत तिच्यावाचून गत्यंतर नाही.

४. लाइन लावून टाकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

नुसता रॉड हातात धरून हलवल्याने काहीच कळत नाही. चांगल्या दुकानांशेजारी गवताचा पट्टा असतो. तिथे रील आणि सहा नंबरची लाइन लावून मागा. आधी वीस फुटांवर टाका, मग चाळीसवर. वीसवर तो जिवंत वाटला पाहिजे. मुठीचा कॉर्क हाताला बसतो का, तेही तेव्हाच पाहा. तासाभरासाठी शिक्षक घेता आला तर रॉडवर थोडे कमी खर्च करून तो जरूर घ्या.

५. चार तुकड्यांचा रॉड घ्या.

बसमध्ये, रेल्वेत सहज नेता येतो. फेकता फेकता सांधे सैल होतात, मधूनमधून घट्ट करत जा. मासा जाळ्याशी आला की रॉड सरळ उभा करू नका. सगळा ताण टोकावर येतो आणि ते मोडतं. लांब दांड्याचं जाळं असलं की ही वेळच येत नाही.

६. वर बघा.

आजचे बहुतेक रॉड कार्बन फायबरचे आहेत. मजबूत कार्बन तंतू बनवण्याची एक महत्त्वाची पद्धत १९६०च्या दशकात याच हॅम्पशायरमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत विकसित झाली. त्यामुळे रॉड हलके झाले, पण कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखालून जाताना जोडलेला रॉड आडवा धरा, तारांजवळ फेकू नका, आणि आभाळ गडगडू लागलं की मासे कितीही लागत असले तरी रॉड खाली ठेवून काठापासून दूर व्हा.