आडनावातलं गाव शोधताना

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात परदेशी पाहुण्यांची व्यवस्था बरीच वर्षं माझ्याकडे होती. विमानतळावर गाडी, राहायची सोय, जेवणखाण. जर्मन, कोरियन, जपानी इंजिनिअर यायचे, अधूनमधून इस्रायलचेही. त्यांच्यातलाच एक जण सुट्टीच्या दिवशी म्हणाला, "माझ्या आजीचं गाव इथून जवळ आहे म्हणे, दाखवाल?" पुढे नोकरी सोडून मी निगडी प्राधिकरणात छोटं ऑफिस थाटलं, तेव्हा हेच काम मुख्य झालं. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रवासी बेने इस्रायली, म्हणजे कोकणात रुजलेले मराठी ज्यू आहेत. त्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा १९४८ नंतर मुंबई, पुणे, कोकण सोडून लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत जाऊन राहिले. काही अमेरिकेतले ज्यूही येतात. त्यांनी ऱ्हाइन आणि डॅन्यूबवरच्या महागड्या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, जहाजसहली केलेल्या असतात. या कामात पडू पाहणाऱ्यांसाठी जमलेलं थोडं ज्ञान इथे मांडते.

१. हॉटेल कोणतं हवं ते नंतर विचारा, आडनाव आधी विचारा.

किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, पेझारकर, झिराड. दिमोनात जन्मलेल्या नातवाला मराठी येत नाही, पण त्याच्या पासपोर्टावर अलिबाग-रोहा-पेण पट्ट्यातलं एखादं गाव शाबूत असतं. अशी शंभराहून जास्त आडनावं आहेत. काही घरांनी तिकडे गेल्यावर हिब्रू आडनाव घेतलं. मग आजीचं माहेरचं नाव विचारायचं, जुना लग्नाचा करार, शाळा सोडल्याचा दाखला किंवा फोटोमागची शाई मागवायची. हे सगळं पाहुणा विमानात बसण्याआधी व्हायला हवं. गावात पोचल्यावर शोध सुरू केला तर दिवस पारावर बसून चौकश्या करण्यातच संपतो.

आडनाव कळलं की गावातली नेमकी जागाही सापडू शकते, कारण या लोकांचा धंदा ठरलेला होता. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. आमच्या भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे एखाद्या समाजाची ओळखच सुट्टीच्या वारावरून पडते हे इथल्या कामगारांना समजावून सांगावं लागत नाही. गावात गेल्यावर "ज्यू कुठे राहायचे?" असं विचारलं तर तरुण पोरं खांदे उडवतात. "शनिवार तेल्यांची घरं कुठं होती, बाबा?" असं सत्तरीच्या पुढच्या माणसाला विचारा, तो काठी उचलून पुढे चालू लागतो.

२. शाकाहारी जेवण दिलं म्हणजे कोशरची सोय झाली, असं धरून चालू नका.

आपल्याकडचे हॉटेलवाले मनापासून सांगतात, "आमचं प्युअर व्हेज आहे, काळजी नको." बऱ्याच पाहुण्यांना ते चालतंही. पण जो कडक पाळतो त्याला भांडी कोणती, चूल कोणी पेटवली, पालेभाजी आणि फ्लॉवर किडीसाठी नीट पाहिलाय का, चीज कुठलं, पाव कुठला, हे सगळं कळायला हवं असतं. मांस आणि दूध एका पानात येत नाही. मासा चालतो, पण त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे पापलेट चालतं. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या अजिबात नाहीत. अलिबागच्या खानावळीत हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, कारण तिथे पाहुणचार म्हणजे आधी कोळंबीच.

या माशावरून बेने इस्रायलांची एक जुनी कथा आहे. दाविद रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला आणि हे लोक खरंच आपले आहेत का ते पाहायला त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. त्यांनी खवल्यांची मासळी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. जेवताना ही कथा सांगितली की पानातल्या पापलेटाकडे पाहुणे वेगळ्याच नजरेनं बघतात.

व्यवस्थेचं म्हणाल तर कडक पाळणाऱ्यांसाठी पुण्यात कोरेगाव पार्कचं छाबाद हाउस हे ज्यू केंद्र आहे, तिथे आधी विचारावं. प्रवासात अखंड फळं, सीलबंद पाणी, कोरी ताटं-चमचे आणि न फोडलेले नारळ गाडीत असावेत. बेने इस्रायली स्वयंपाकात मटणाच्या रश्शाला दह्यादुधाऐवजी नारळाचं दूध घालतात; कोकणाने त्यांच्या नियमाला दिलेली ही सोय मला फार आवडते.

३. शुक्रवारी दुपारनंतर रस्त्यावर राहू नका.

शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या शुक्रवारी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायच्या असतात. त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत गाडी नाही, लिफ्ट नाही, दिव्याचं बटण नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी शिफ्ट सुटली की काय होतं ते आपण रोज भोगतो. अशा कोंडीत कोणाचा शब्बाथ मोडला, तर पैसे परत देऊन त्याची भरपाई होत नाही. शुक्रवारी दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत पाहुणा मुक्कामी पोचलेला असावा. मुक्काम पुणे कॅम्पात, सिनेगॉगला म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाला चालत जाता येईल असा निवडा. खोली खालच्या मजल्यावर मागा आणि कार्डाऐवजी साध्या किल्लीची आहे का ते पाहा.

४. खंडाळा म्हटलं की ड्रायव्हर घाटात नेतो.

बेने इस्रायलांचं खंडाळे अलिबाग तालुक्यात, सागावजवळ आहे. तिथल्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आणि तिथून तो स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. ड्रायव्हरला तालुक्यासकट पत्ता लिहून द्या. एवढंच.

५. पुणे घाईत उरकू नका.

लोक मोलेदिना रस्त्यावरचं लाल देऊळ बाहेरून बघतात आणि पुढे जातात. या ओहेल दाविद सिनेगॉगचं काम १८६३ मध्ये सुरू होऊन १८६७ ला पुरं झालं. बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससूनने ते बांधायला घेतलं आणि १८६४ मध्ये पुण्यातच त्याचं निधन झालं. त्याची समाधी याच आवारात आहे. ज्याच्या नावाच्या रुग्णालयात आपल्या कितीतरी घरांतल्या माणसांवर उपचार झाले, तो माणूस इथे विसावलाय हे पिंपरी-चिंचवडच्या फार थोड्यांना ठाऊक असतं. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र लागतं, डोकं झाकावं लागतं. मुंबईच्या २००८ च्या आणि पुण्याच्या २०१० च्या हल्ल्यांनंतर ही काळजी रास्तच आहे, तिथे कोणाशी हुज्जत घालू नका.

पण बेने इस्रायलांचं पुणे रास्ता पेठेत आहे. लाल देऊळ बगदादी श्रीमंतीचं; रास्ता पेठेतलं सुक्कथ श्लोमो हे पलटणीतल्या, रेल्वेतल्या, कचेरीतल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांचं. १९२१ च्या त्या इमारतीत शिरल्यावर पाहुण्याच्या चेहऱ्यावर जो ओळखीचा भाव येतो, तो कॅम्पातल्या उंच मनोऱ्याखाली क्वचितच येतो. दोन्ही ठिकाणी पवित्र पोथ्यांचं कपाट पश्चिमेला आहे, कारण आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला; युरोपातून आलेल्यांना पूर्वेची सवय असते.

आणि पुण्यातच १८७४ मध्ये मराठी-हिब्रू हगादा छापला गेला, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ. त्यातल्या चित्रांत बायका साडी नेसून बेखमीर भाकरी करताहेत. या ग्रंथाचं चित्र मी नेहमी सोबत ठेवते. इस्रायलमध्ये वाढलेल्या मुलींनी ते हातात घेतलं की बराच वेळ खाली ठेवत नाहीत.

६. युरोपातल्या सहलीची नक्कल करू नका.

डॅन्यूबवरच्या कोशर जहाजात स्वयंपाकघरावर देखरेख करणारा माणूस असतो, प्रार्थनेची खोली असते, शब्बाथला जहाज धक्क्याला लावून ठेवतात. वाटेत बुडापेस्टचं १८५९ चं भव्य सिनेगॉग लागतं. ऱ्हाइनवर वर्म्समध्ये अकराव्या शतकातले दगड असलेलं कब्रस्तान आहे. श्पायर, वर्म्स आणि माइन्त्सच्या ज्यू स्थळांना युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारशात घेतलं. ते सगळं पाहण्यासारखं आहे, यात वाद नाही. पण तिथल्या प्रत्येक थांब्यावर संहाराची कहाणी आहे. आपल्याकडे ती नाही. बेने इस्रायलांना इथून कोणी हाकललं नाही, त्यांची प्रार्थनास्थळं कोणी जाळली नाहीत. मुंबईच्या समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये सिनेगॉग बांधलं, ते आजही चालू आहे.

म्हणून वाटाड्याने दुःखाचा सूर लावू नये. जे गेले ते स्वतःच्या निर्णयाने गेले. इस्रायलमध्येही त्यांना झगडावं लागलं: लग्नाच्या बाबतीत तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली, त्यांनी निदर्शनं केली आणि १९६४ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. कोकणातल्या त्या खवल्यांच्या माशापासून इथपर्यंत या लोकांना आपण कोण हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

जलप्रवास हवाच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट घ्या. २०२० पासून ती गाडीसकट पलीकडे नेते. साधी बोट आहे. पण याच किनाऱ्याजवळ, नवगावला, पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची मूळकथा आहे. समुद्राच्या बाजूने किनारा दिसू लागतो तेव्हा पाहुणे आपोआप कठड्याशी येऊन उभे राहतात. असा प्रवेश पेणच्या रस्त्याने मिळत नाही.

७. मराठी बोलणारं माणूस सोबत असू द्या.

उत्तम इंग्रजी गाइड मिळतो, हिब्रू येणाराही मिळेल. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या बेने इस्रायली बाईंशी मराठीत बोलायला कोणी नसेल तर सहल अर्धीच झाली म्हणायची. या समाजाने अब्राहम आणि मोशेवर मराठीत कीर्तनं केली, मराठीतून नियतकालिकं काढली, इस्रायलमध्ये जाऊनही 'मायबोली' चालवलं. मलिद्याचं ताट मांडताना, म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड, वेलची, वर फळं, या बायका ज्या मराठीत सूचना देतात ती रायगडची मराठी असते, साठ वर्षांपूर्वीची. त्यांच्या नातवंडांनी आजीला असं भरभरून बोलताना पाहिलेलं नसतं. अलिबागच्या इस्रायल आळीत, मागेन अबोथ सिनेगॉगच्या समोर, शेजारच्या आगरी बाईंशी त्यांच्या गप्पा सुरू झाल्या की मी कार्यक्रमपत्रिका पिशवीत घालते. पुढचं ठिकाण राहिलं तरी चालेल.

८. कब्रस्तानासाठी वेळ काढा, आणि तिथे फुलांचा हार नेऊ नका.

थडग्यावर लहान दगड ठेवायची रीत आहे. बाहेर पडताना हात धुतात, म्हणून गाडीत पाण्याचा कॅन हवा. काही दगडांवर हिब्रूच्या खाली मराठी मजकूर असतो; तो वाचून दाखवणं हे आपलं काम. रायगडच्या काही गावांत आता एकही इस्रायली घर उरलेलं नाही, फक्त बांधालगतची ही जागा आहे. झुडपं वाढलेली, दगड कललेले. जमिनींचे भाव मुंबईच्या वाऱ्याने चढताहेत, त्यामुळे अशा जागा टिकतीलच असं नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगावात राहणाऱ्या ज्या वाचकांची मुळं रायगडात आहेत, त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारा. अशी जागा असेल तर तिचे फोटो काढा, दगडांवरची नावं उतरवून घ्या आणि अलिबागच्या किंवा रास्ता पेठेतल्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना कळवा.