तारीख चुकली की व्हीपीएन अडतं

प्रश्न : अमरावतीच्या घरी विंडोज ७ चा संगणक आहे. अकोल्याच्या ऑफिसचं व्हीपीएन जोडताना ‘सर्टिफिकेट अवैध’ असं येतं. काय करावं?

उत्तर : आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघावी. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला, की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि चालू सर्टिफिकेटही अवैध ठरतं. नाण्याएवढा हा सेल बदलून तारीख-वेळ लावावी.

तरीही अडलं, तर इंटरनेट ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये टीएलएस १.२ समोर टिक आहे का, ते तपासावं.

वैतागून व्हीपीएनऐवजी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडं करू नये. २०१९ मध्ये सापडलेली ‘ब्लूकीप’ त्रुटी याच सेवेतली.

विंडोज ७ ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० लाच थांबली. ऑफिसच्या कामासाठी नवी प्रणाली घेतलेलीच बरी.