फ्रेंच भाषेंत क्षमा कशी मागावी?

परकी भाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याच्या हातून चुका होणारच. म्हणून नमस्काराच्या पाठोपाठ त्यानें क्षमायाचनेचे शब्द शिकावे हें बरें. फ्रेंच भाषा आपल्या भागास अगदींच परकी नाहीं. सॅव्हॉय प्रांतांतील आनेसी येथून १८४६ मध्यें विशाखापट्टणास आलेल्या मिशनऱ्यांचें कार्य पुढें नागपुरापर्यंत पोहोंचलें. त्यांची भाषा फ्रेंच होती. सानगडीच्या विद्यार्थ्यासही ती अवघड वाटूं नये, कारण तिच्या शिष्टाचाराची किल्ली मराठींतच आहे.

प्रथम प्रसंग ओळखावा. बाजारच्या गर्दींत कोणास धक्का लागला, तर ‘पार्दों’ एवढेंच पुरे. अनोळखी माणसास थांबवून वाट विचारावयाची असेल, तर ‘एक्स्क्यूझे-म्वा, मस्यो’ म्हणावें. स्त्री असल्यास ‘मादाम’. हें संबोधन गाळल्यास बोलणें रुक्ष वाटतें. मित्राचें पुस्तक आपल्या हातून भिजलें, म्हणजे खरोखर नुकसान झालें, तर ‘झ स्वी देझोले’, म्हणजे ‘मला फार वाईट वाटतें’, असें म्हणावें.

उच्चाराविषयीं दोन शब्द. ‘मी’ या अर्थाचा ‘झ’ हा ‘श’ला घोष देऊन उच्चारावा, इतर ठिकाणचा ‘झ’ आपल्या ‘झाड’मधल्याजवळचा. ‘क्यू’ म्हणतांना जीभ ‘ई’च्या जागीं ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल करावे.

दुसरी गोष्ट मानाची. आपल्या ‘तूं’ व ‘तुम्ही’प्रमाणें फ्रेंचमध्यें ‘त्यू’ व ‘वू’ आहेत. सवंगड्यास ‘एक्स्क्यूझ-म्वा’ चालेल. गुरुजी, वडील माणसें व अनोळखी यांस ‘एक्स्क्यूझे-म्वा’च म्हणावें. शाळेंत उशिरा आलेला विद्यार्थी म्हणेल, ‘एक्स्क्यूझे-म्वा देत्र आँ रतार’.

तिसरी गोष्ट लिंगाची. आपल्याकडे मुलगा ‘चुकलों’ व मुलगी ‘चुकलें’ म्हणते. फ्रेंचमध्यें ‘देझोले’ शब्द लिहितांना मुलीनें शेवटीं एक ‘इ’ अक्षर अधिक घालावें. हा भेद कानास कळत नाहीं, लेखणीस कळतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘झ मेक्स्क्यूझ’ असेंही पुष्कळ लोक बोलतात. पण त्याचा शब्दार्थ ‘मी स्वतःस माफ करतों’ असा होत असल्यानें चोखंदळ लोकांस तें रुचत नाहीं. त्याऐवजीं ‘झ वू प्री द मेक्स्क्यूझे’, म्हणजे ‘मला क्षमा करावी अशी आपणांस विनंती आहे’, हें वाक्य शिष्टसंमत आहे. क्षमा ही मागणाऱ्यानें आपल्या हातानें उचलून घेण्याची वस्तु नव्हे. ती देणें वा न देणें दुसऱ्याच्या हातीं असतें. आपलें ‘क्षमा असावी’ हेंही तेंच सांगतें.

आपली कोणी क्षमा मागितली, तर ‘स ने र्यँ’, म्हणजे ‘कांहीं नाहीं’, असें म्हणून त्याचा संकोच दूर करावा. आणि एवढें ध्यानांत असूं द्यावें, कीं भिजलेलें पुस्तक केवळ गोड शब्दांनीं सुकत नाहीं. तें उन्हांत ठेवण्यास आपणच पुढें झालें पाहिजे.

अभ्यास : (१) गुरुजींचा व मित्राचा धक्का लागल्याबद्दल क्षमा मागा, दोहोंत काय फरक कराल? (२) वरील वाक्यें दोघांनीं मिळून मोठ्यानें म्हणा. एकानें क्षमा मागावी, दुसऱ्यानें उत्तर द्यावें.