विषबाधा झाली तर उलटी काढू नका

दिवाळीची साफसफाई आणि रंगकाम सुरू झालं की दवाखान्यात ठरावीक तक्रारी यायला लागतात. ‘डॉक्टर, याने टर्पेंटाइन प्यायलं.’ ‘हिने फरशीचं अ‍ॅसिड तोंडाला लावलं.’ मूल बहुधा एक ते चार वर्षांचं असतं. आणि ते माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर घरच्यांनी एक काम हमखास उरकलेलं असतं. घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून त्याला उलटी करवलेली असते.

पोटात वाईट गेलं तर ते आधी बाहेर काढायचं, ही समजूत शिकलेल्या घरांतही तितकीच घट्ट आहे. म्हणून आज घर कसं लावावं हे सांगण्याआधी उलटीबद्दल बोलणं भाग आहे.

उलटीने काय बिघडतं?

रॉकेल, टर्पेंटाइन, डासांच्या मशीनमधलं द्रव ही सगळी पातळ, पसरणारी रसायनं. त्यांचा एखादा घोट पोटातच राहिला तर बहुधा फारसं बिघडत नाही. तेच द्रव थोडंसं जरी फुप्फुसात उतरलं तरी तिथे सूज येते, श्वास लागतो. आणि ते फुप्फुसात जाण्याची सर्वांत मोठी संधी उलटी करतानाच मिळते. अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा खाली जाताना अन्ननलिका एकदा भाजतो. उलटी करवली की तीच अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. मूल गुंगीत असेल तर उलटी थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि मिठाचं पाणी तर स्वतःच घातक आहे. लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम त्याने इतकं वाढू शकतं की झटके येतात, जीवही जातो.

अमेरिकेत एकेकाळी ‘इपेकॅक’ नावाचं उलटीचं औषध घरात ठेवा असा सल्ला डॉक्टरच देत. २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने, हा सल्ला मागे घेतला आणि ते औषध घरात ठेवू नका असं सांगितलं. आपल्याकडे मात्र मोबाइलवर आजही ‘विष उतरवण्याचे घरगुती उपाय’ फिरताहेत. दूध पाजा, तूप पाजा, कच्चं अंडं द्या, अ‍ॅसिड असेल तर खायचा सोडा द्या. हे पुढे पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, थांबा. डांबराच्या गोळ्या किंवा उंदीर मारायची पेस्ट पोटात गेली असेल तर दूध-तुपातल्या स्निग्धतेमुळे विष जास्त शोषलं जातं. अ‍ॅसिडवर सोडा घातला तर पोटात उष्णता आणि वायू तयार होतो. यातल्या एकाही उपायाने मूल वाचत नाही. वेळ मात्र जातो.

मागे अडीच वर्षांचा एक मुलगा आला होता. घरात रंगकाम चाललेलं. रंगाऱ्याने ब्रश धुवायचं टर्पेंटाइन पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ओट्याशेजारी ठेवलं होतं. मुलाने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाटली टाकून दिली. त्या वेळी तो खेळत होता, खोकलाही नव्हता. मग घरच्यांनी मिठाचं पाणी पाजलं, तीन उलट्या झाल्या आणि शेवटच्या उलटीनंतर त्याला धाप लागली. पुढचे काही दिवस तो ऑक्सिजनवर होता. सुदैवाने बरा होऊन घरी गेला. त्याचं आजारपण टर्पेंटाइनपेक्षा उलट्यांनी वाढवलं, हे त्याच्या आई-वडिलांना मी स्पष्ट सांगितलं.

मग करायचं काय?

तोंडात उरलेलं बोटाने पुसून काढा, तोंड पाण्याने धुवा. फवारणीचं औषध अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पोटात काहीही देऊ नका. जे खाल्लं-प्यायलं त्याची बाटली, पाकीट किंवा गोळ्यांची पट्टी सोबत घ्या आणि निघा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नि:शुल्क क्रमांकही फोनमध्ये आजच भरून ठेवा.

प्रत्येक वेळी जीव घाबरा करून घ्यायचं कारण नाही, हेही सांगतो. खडू, मेणाचे रंग, लिपस्टिकचा तुकडा, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी, चिमूटभर टूथपेस्ट यांनी सहसा काही होत नाही. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा गिळला तर तोही आतड्यातून जवळजवळ शोषला न जाता शौचावाटे बाहेर पडतो. जमिनीवर सांडलेला पारा मात्र केरसुणीने झाडू नका. जाड कागदावर गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा.

पण पुढची लक्षणं दिसली तर एक मिनिटही घालवू नका. सतत खोकला, धाप, कण्हल्यासारखा श्वास. लाळ गळणं, गिळता न येणं. गुंगी, झटके. खूप घाम, तोंडाला फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या. ही शेवटची खूण फवारणीच्या औषधाची असते.

याहून फसवं असतं ते उशिरा उठणारं विष. उंदरांच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने पहिल्या दिवशी थोड्या उलट्या होतात, मग एक-दोन दिवस मूल ठणठणीत दिसतं आणि त्यानंतर कावीळ होऊन यकृत निकामी होऊ लागतं. उंदरांच्या काही वड्यांमुळे दोन-तीन दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. लोहाच्या लालचुटुक गोळ्यांनीही आधी उलट्या, मग बरं वाटणं आणि मग घसरण, असाच क्रम असतो. ‘आता खेळतोय, म्हणजे उतरलं’ असं म्हणून घरी थांबू नका. बटन सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच एक्स-रे करा. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे भाजायला लागतं.

घर असं लावा

आपल्याकडे घर आवरलं म्हणजे पसारा डोळ्यांआड केला, असं मानतात. सिंकखालचं कपाट त्यासाठीच वापरलं जातं. फिनेल, अ‍ॅसिड, कॉस्टिक, झुरळांचा स्प्रे, सगळं तिथे, नेमकं रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवर. ही व्यवस्था आजच मोडा.

पहिला नियम बाटलीचा. दारावर येणाऱ्यांकडून सुटं फिनेल किंवा अ‍ॅसिड थंड पेयाच्या बाटलीत घेऊ नका. रंगाऱ्याला टर्पेंटाइन, थिनर मूळ डब्यातच ठेवायला लावा आणि संध्याकाळी तो डबा त्याच्यासोबत परत पाठवा. शेतकरी घरांत उरलेलं फवारणीचं औषध रिकाम्या बाटलीत ओतून घरात आणलं जातं. ते घराबाहेर, कुलपात, मूळ डब्यातच राहिलं पाहिजे. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी किंवा तेल तर कधीच भरू नका.

दुसरा नियम उंचीचा. साफसफाईचं सगळं सामान मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर, कडी असलेल्या कपाटात ठेवा. सिंकखाली भांडी घासायचा काथ्या आणि बादली ठेवा, बस्स. अ‍ॅसिड आणि ब्लीच शेजारी ठेवू नका आणि एकाच मोरीत एकापाठोपाठ वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो मोठ्यांनाही गुदमरवतो.

तिसरा नियम देवघराचा आणि कपड्यांच्या कपाटाचा. कापराच्या वड्या मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. एखाद-दुसरी वडी पोटात गेली तरी काही मिनिटांपासून तासाभरात झटके येऊ शकतात. कापराची डबी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर नको. डांबराच्या गोळ्या कपड्यांत सुट्या टाकू नका.

चौथा नियम औषधांचा. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या उशाशी, खिडकीत, फ्रीजवर अशा विखुरलेल्या असतात. मधुमेहाची एखादी गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते आणि तेही काही तासांनी. सगळी औषधं एका बंद डब्यात, उंचावर, एकाच ठरलेल्या जागी ठेवा. आणि गोळी घ्यायला लावण्यासाठी मुलाला ‘चॉकलेट आहे’ असं सांगू नका. पुढच्या वेळी ते स्वतःहून चॉकलेट शोधायला जाईल.

हे सगळं एका रविवारी होण्यासारखं आहे. नवं कपाट लागत नाही, लागते ती एक कडी आणि घरातल्या प्रत्येकाने, कामाला येणाऱ्या ताईंनीही, वस्तू जागेवर परत ठेवण्याची सवय.

शेवटचं, फार मनापासून. असा प्रसंग घडला तर कुणाची चूक यावर घरात भांडत बसू नका. बहुतेक वेळा सारा दोष आईच्या माथी मारला जातो आणि त्या दडपणाने ती काय घडलं ते सांगायला कचरते. काही घरं पोलीस नोंदीच्या भीतीने ‘काहीतरी खाल्लं असेल’ एवढंच सांगतात. विषबाधेची नोंद ही रुग्णालयाची नेहमीची पद्धत आहे, तुमच्यावरचा आरोप नव्हे. काय प्यायलं, किती, किती वाजता आणि त्यानंतर घरी काय दिलं, या चार गोष्टी खऱ्याखुऱ्या सांगा. आम्ही कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही. उपचार कुठला करायचा हे तुमच्या त्या चार उत्तरांवरच ठरतं.